धामण, जाळी आणि पंचमी

२४ जुलै, गुरुवार
पुन्हा तीच धामण! न्हाणीघरामागून झेंडूच्या वाफ्याकडे, निवांत. चांगली सहा फूट. परी किंचाळली, पाठोपाठ सुनीता. आईचं नेहमीचंच, "इषारी नाय ती. घुशी खाती, राहू दे." राहू दे म्हणे! घर आमचं की तिचं?
सुनीताने बॅग भरली. पंचमीला वणीला माहेरी जायचंच होतं, पाच दिवस आधीच निघाली. जाताना म्हणाली, "ती गेली की फोन करा. तोवर पोरीला आणणार नाही."

२६ जुलै, शनिवार
फर्स्ट शिफ्ट. सातपूरहून येताना भाजीसुद्धा आणली नाही, डोक्यात तेच. कंपनीत सगळे म्हणतात, घाल काठी. माझ्याच्याने नाही होणार. द्राक्षबागेची जुनी नायलॉन जाळी होती, ती कुंपणाला खालपर्यंत बांधली. मारायला नको, आत यायला नको. स्वतःवरच खूश.

२७, रवि.
घर खायला उठलंय. परीचा फोन, "पप्पा, गेली का?"

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी
सुट्टी टाकली. सकाळी आईने पाटावर नाग काढून पूजा केली, लाह्या वाहिल्या. मागे गेली आणि ओरडली. धामण जाळीत. माझ्याच जाळीत! ओढेल तेवढा दोरा रुततोय, रक्त.
कात्रीला धावलो तर आई दारात आडवी. "आज कापायचं नाय, चिरायचं नाय." डोकंच फिरलं. "पाटावरच्याला लाह्या, आणि ही मरू दे?" नको ते बोललो.
सर्पमित्राला फोन. म्हणाला, ओढू नका, ओलं पोतं टाका, निघालोच. पाऊण तास लागला त्याला. तेवढा वेळ आईच पोत्यावर पाणी शिंपडत बसली. तो आला तेव्हा उठली, आतून कात्री आणून त्याच्या हातात दिली. "काप बाबा. पाप लागायचं ते मला लागू दे."
सुटली. जखम वरवरची, वाचेल म्हणाला. मग मला झापलं, "नायलॉन जाळी म्हणजे सापाला फास. घुशींची बिळं बुजवा, विटांचा ढीग हलवा. मग फारशी येणार नाही."
"लांब नेऊन सोडा ना."
"नव्या जागी जगत नाहीत हो." आणि आमच्याच बांधापलीकडे सोडली. फारशी म्हणजे किती, विचारायचं राहिलं.
संध्याकाळी दिंडं खाल्ली. आईला सॉरी म्हणायचं होतं...

३० जुलै, बुधवार
जाळी काढली. अर्ध्या विटा हलवल्या, कंबर गेली. आई बिळांत दगड ठोकत होती.
सुनीताचा फोन. "गेली का?"
बांध इथून शंभर पावलं. काय सांगू? म्हटलं, "जाळीत अडकली होती."
"मेली?"
"नाही. सोडवली."
"कुठे सोडली?"
तेवढ्यात फोन परीने ओढून घेतला. "पप्पा, तिला खूप लागलं का?"
हो म्हणालो. जाळी कोणी बांधली होती, ते नाही सांगितलं.