अनुमान नाही

निपाणी, मार्गशीर्ष, १९३६

प्रिय जिनाप्पा,

सोमवारी बेळगावला जाऊन आलो. डॉक्टरांनी माझ्या पोटातली गाठ चाचपली आणि कंपाउंडरकडे वळून कानडीत म्हणाले, "अनुमान इल्ल." पाठशाळेत आपण दोघांनी न्यायशास्त्र घोकलं, मी जागा राहून आणि तू पेंगत, त्यामुळे क्षणभर हायसं वाटलं. अनुमानच निघत नाही, तर रोग कसला! पण कानडी मी आईच्या मांडीवर शिकलो. त्या भाषेत अनुमान म्हणजे शंका. शंका नाही, असं ते म्हणाले. राजमतीला मी अपचन म्हणून सांगितलं. तुझ्या बहिणीने त्याच दिवशी माझं तूप बंद केलं.

घरी येऊन मृत्युपत्र काढलं. लिहिणारा यल्लाप्पा चिकोडीचा; लिहितो मराठी, विचार करतो कानडीत. त्याने लिहिलंय, "नेमगोंडाचे दत्तविधान झाले, यास अनुमान नाही." इकडे कानडी जाणणारा वाचून मान डोलावेल. पण दूधगंगेपलीकडचं तुमच्या शेजारचं शेत आणि घर पडलं कागलकडे, संस्थानात. तिथे बेळगावच्या कोर्टाचा दाखला चालत नाही. सगळं नव्याने शाबीत करायचं. माणसाने मरायचं एकदाच, फी मात्र दोन दरबारांना. माझा चुलतभाऊ पायगोंडा आताच सांगत फिरतोय, "बाळगोंडाला पोर न्हाय. मेहुण्याचं पोर सांभाळलंय, एवढंच." त्याचा वकील नेमकं त्या ओळीवर बोट ठेवणार : अनुमानसुद्धा नाही, मग प्रत्यक्ष पुरावा कुठला? मी परीक्षक असतो तर त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता थट्टा सुचत नाही रं. निपाणीची ही जागा भाड्याची. राजमतीला डोकं टेकायला पुढे तेवढंच एक घर. घास हातात असतो आणि डोळ्यांपुढे येतं, पायगोंडा तिची भांडी अंगणात मांडतोय आणि नेमू दाराशी उभा आहे. मग घास खाली ठेवतो. तिला वाटतं, तूप नाही म्हणून रुसलोय.

कागलचे मारुतीराव वकील म्हणाले, "शब्द बदलाल हो, पण मुलगा दिला कुणी हे तिथं कोण सांगणार?" विधी करणारे उपाध्ये वारले, साक्षीदारांपैकी कुणी उरलं नाही. देणाऱ्या बापाने स्वतः उभं राहून "मी दिला" म्हटलं, तरच निभावेल.

तुझा थोरला तापात गेल्यापासून तू निपाणीला पाऊल टाकलं नाहीस. का, ते मी विचारलं नाही. नेमू परवा म्हणाला, "आप्पा, मामा का येईनासा झालाय?" तुला मामा म्हणायला त्याला आम्हीच शिकवलं. दिलास तेव्हा तुझ्या घरात दोन होते. आज एकही नाही, आणि तेच वाक्य मी तुझ्याकडे पुन्हा मागतोय. पौर्णिमेच्या आत कागलला ये आणि न्यायाधीशापुढे ते म्हण. मी गेल्यावर नेमूला आणि तुझ्या बहिणीला तुझ्या नजरेसमोर राहू दे. त्याने तुला काय हाक मारावी, ते तुम्ही दोघं ठरवा. पण तुझ्याने ते म्हणवणार नसेल, तर तसंही लवकर कळव. मला राग येणार नाही. भीती तेवढी वाटते.

उत्तरासाठी दाराशी बसलेला,
तुझाच
बाळगोंडा