पंख्यावरचा झेंडूचा हार

शनि. १५.१०.८३. खंडेनवमी
कारखान्यात यंत्रपूजा. नव्या धूळशोषक यंत्राच्या पंख्याला किसनने हार बांधला. पात्यांतून ओवून, दोन गाठी. दसऱ्यानंतर यंत्र सुरू झाले की हार आपोआप तुटतो, ही येथील रीत.
किसन भट्टीवरचा जुना फिटर. गेल्या वर्षापर्यंत धूर त्याने स्वतः उभारलेल्या खोक्यातून जात असे: ओली गोणपाटे, पत्र्याचे आडोसे, वरून पाण्याचे फवारे. कारखान्याशेजारच्या कन्हान वस्तीच्या अंगणांत राख पडणे थांबले होते. मी स्वतः पाहिले आहे. नव्या नियमांना मंजूर नमुन्याचेच यंत्र चालते, म्हणून ते खोके मोडले. कारखान्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे; मोडण्याच्या आदेशाचे पत्र मीच लिहिले. भाषा निर्दोष होती.
हार बांधताना म्हणाला, "माह्या गोणपाटाले कोणी कधी हार नाही घातला, साहेब."

सोम. २४.१०.
पंखा बंद. दसऱ्यानंतर एकदाही सुरू नाही. व्यवस्थापकांना (यापुढे व्य.) विचारले.
"वीज किती खातो माहीत आहे? बसवायला सांगितलं, बसवलं. करात सवलत मिळाली. संपलं."
"अटीत 'अखंड चालवावे' असे आहे."
"मग तसा दाखला लिहा. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहितं?"
लिहिला. सही केली. अक्षर नेहमीसारखे.

शुक्र. ४.११. लक्ष्मीपूजन
फराळ देण्यास किसनकडे. दारातील रांगोळी दुपारीच करडी. त्याची बायको म्हणाली, "पुसून पुसून कटाळली मी, भाऊजी. खोक्याच्या वक्ती अशी नव्हती होत." आत तो खोकत होता. फराळाचा डबा ठेवून निघालो. थांबावयास हवे होते.

गुरु. १७.११.
किसनला शहरात, धंतोलीतील दवाखान्यात आणले. दवाखाना नेमका आमच्या घराच्या भिंतीला लागून. त्याचा खोकला मला ओळखता येतो, हे आज कळले. जेवताना ऐकू येतो. हिला येत नाही म्हणे.

रवि. २०.११.
भेटून आलो.
"पंखा चालू हाये न, साहेब?"
"आहे."
"मंग हार तुटला असंन."
मी औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचत राहिलो.
"दोन गाठी मारल्या होत्या म्या. काहून मारल्या, नाही इचारलं तुमी. पंखा फिरल्याबिगर हार सुटाले नको म्हून." हसला, त्यातच उबळ.
या मनुष्याला सर्व ठाऊक आहे. तरीही साहेब म्हणतो.

मंगळ. २२.११.
उद्या दहा वाजता निरीक्षक. व्य.: "हार काढा, नऊला पंखा चालू करा, ते गेले की बंद." पंख्याची चावी माझ्या हाती.
सायंकाळी पाहून आलो. हार जसाच्या तसा. झेंडू ओळखू येत नाही, फुलाफुलावर काजळी. गाठीला हात लावला. बोटे काळी झाली. साबणाने दोनदा धुतली. नखांच्या कडेला अजून काळे.
भिंतीपलीकडे आज शांतता. चौकशीस गेलो नाही.

बुध. २३.११.
कार्यालयातून. किसनच्या खोक्याचा एक पत्रा कुंपणाला लावलेला दिसतो. एरवी कधी लक्ष गेले नव्हते. दाखल्याची माझ्या सहीची प्रत टेबलावर. चावी खिशात.
व्य. दोनदा डोकावून गेले.
९.४०. पंखा बंद आहे. हार जागेवर आहे.