आईचा खुबा, माझा मणका

४ एप्रिल

‘त्या गोळ्या तुझी हाडं खाऊन टाकतील.’ आई म्हणाली होती. बावीस वर्षांपूर्वी, पायसांदू गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात, क्विन्स फळांचा मुरंबा ढवळता ढवळता. तिच्या मुलानं – म्हणजे मी – बाई म्हणून जगायचं ठरवलं होतं, संप्रेरकं सुरू केली होती. तेव्हापासून बोलणं नाही.

आज मोंतेविदेओच्या दवाखान्यात हाडांची घनता मोजली. टेबलावर आडवी झाले आणि तेच वाक्य!

५ एप्रिल

फॉर्मवरचा एक रकाना रिकामाच राहिला – आई-वडिलांपैकी कुणाचं खुब्याचं हाड मोडलंय का? बाबा तरुणपणीच गेले. आईचं? मला माहीत नाही.

‘मग विचारून घ्या ना,’ डॉक्टर इरुरेता म्हणाल्या. किती सोपं!

८ एप्रिल

नाही केला फोन.

९ एप्रिल

केला. धाकट्या बहिणीनं, झुल्मानं उचलला. ‘कोण? दादा? – थांब, थांब – ताई!’ दोघी रडलो. मग खेकसली, ‘बावीस वर्षांनी फोन, आणि विचारतेस काय, तर खुबा!’

मोडलाय. गेल्या हिवाळ्यात, अंगणात घसरून. ऑपरेशन नीट झालं. पण आई उंबरा ओलांडत नाही. डॉक्टर म्हणतात रोज चाला. ती म्हणते, ‘चालून जायचंय कुठं मला?’

१५ एप्रिल

रिपोर्ट आला. मणका विरळ झालाय. मोडण्याइतका नाही.

‘गोळ्यांनी?’

‘उलट! लिंगबदलाच्या ऑपरेशननंतर सहा वर्षं गोळ्या सोडल्या होत्यात ना? तेव्हा शरीराला कुठलंच संप्रेरक मिळत नव्हतं. हाडं उपाशी राहिली.’

सोडल्या होत्या त्या आईच्या वाक्याला भिऊन. हे मात्र डॉक्टरांना सांगवलं नाही.

आता औषध चुकवायचं नाही, दूध-चीज खायचं, वजनं उचलायची, रोज चालायचं. ‘बरंच भरून येईल,’ म्हणाल्या. बरंच!

चरबी-स्नायूंचे आकडेही होते. दंड आटलेत, चरबी सगळी कमरेवर आणि मांड्यांवर. ‘बिस्किटं कुठं गेली ते सापडलं,’ डॉक्टर हसल्या. घरी येऊन आरशात पाहिलं – आईचीच कंबर. मुरंबा ढवळताना अशीच हलायची.

१८ एप्रिल

झुल्मानं आईला सगळं सांगितलं. आईनं विचारलं, ‘दूध पिते का ती? लहानपणी सांडायची.’ आणि लगेच, ‘पण इथं यायचं काही कारण नाही.’

२० एप्रिल

रविवारच्या सकाळच्या बसचं तिकीट काढलंय. न घसरणारे बूट घेतलेत आईसाठी. झुल्माला माप विचारलं – माझंच निघालं.

नाही म्हणेल, ठाऊक आहे. भर दुपारी, सगळी गल्ली दारात बसलेली असताना – नाहीच म्हणेल. तरी विचारणार आहे.

आई, माझा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालशील?