डबल बेल झाल्याशिवाय

अहो,

पत्राच्या वर नाव घालायचं असतं, हे मला कळतं. पण एकोणचाळीस वर्षांत तुमचं नाव कधी तोंडी घेतलं नाही, ते आता कागदावर कुठून उतरणार? तेव्हा अहोच.

काल तुमचं वर्ष झालं. जेवणं उरकल्यावर संदीप स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी बसला आणि बाहेरची कडी काढायला लागला. म्हणाला, "आई, आता ही कशाला?" त्यानंच मुंबईहून आणून बसवली होती, तोच काढत होता. मी म्हटलं, "राहू दे." का, ते काही मला त्याला सांगता आलं नाही. आज सकाळी तो मुंबईला परत गेला. त्याला सांगता आलं नाही ते तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही विसरायला लागलात तेव्हा आधी माणसं विसरलात, मग घर. एसटीवरची ड्युटी तेवढी विसरला नाहीत. रिटायर होऊन सात वर्षं झालेली, तरी पहाटे उठून खाकी शर्ट चढवायचात. "अगो, गुहागर गाडी लावलेय. मना जाऊ दे." कुठली गाडी आणि कुठलं काय!

एक दिवस मी आंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही निघून गेलात. मिरकरवाड्याच्या बंदरावर सापडलात, बर्फाच्या टेम्पोत, स्टिअरिंग धरून बसलेले. तो टेम्पोवाला भला माणूस. म्हणाला, "मावशी, काकांना दोनदा सांगितलं उतरा म्हणून, आयकत नायत. मग म्हटलं, काका, डबल बेल झाली नाय अजून. तर गप बसले बघा, शाळेतल्या पोरासारखे." मासळीवाल्या बायका हसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. कंडक्टरनं दोनदा दोरी ओढल्याशिवाय तुम्ही एसटीचं चाक कधी हलवलं नाहीत. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग मला त्या परक्या माणसानं शिकवला.

कडी त्याच आठवड्यात लागली. पहिले काही दिवस तुम्ही आतून दार बडवायचात, मी बाहेर मासे घ्यायला जायची आणि कोपऱ्यापर्यंत तो आवाज माझ्या मागे यायचा. मग मी ती युक्ती काढली. खिडकीशी खुर्ची ठेवली. "बसा, पॅसेंजर चढतायत. डबल बेल झाली नाही." तुम्ही बसायचात. उजवा पाय जरा पुढे, हात मांडीवर. तास, दोन तास. कडीची गरजच उरली नाही. जी गोष्ट तुम्ही आयुष्यभर इमानानं पाळलीत, तिनंच मी तुम्हाला बांधून ठेवलं. तीन वर्षं.

शेजारच्या सुलूवहिनी म्हणायच्या, "तुमचं बरं हो, भावजी शांत आहेत." शांत होतात तुम्ही? की वाट बघत होतात?

एक राग माझाही आहे, तोही ऐका. मी अक्षरं शिकले ती स्टँडवर. तुमचा डबा घेऊन यायची आणि गाड्यांवरच्या पाट्या अक्षरं लावून लावून वाचायची. देवरुख, लांजा, राजापूर, गुहागर. मग सीटवर राहिलेले पेपर तुम्ही आणायला लागलात, एकदा कुणाचं विसरलेलं पुस्तकही आणलंत. त्याला कव्हर नव्हतं, पहिली पानं नव्हती, तरी मी ते चारदा वाचलं. गावं मला पाटीवरून सगळी पाठ. पाहिली किती? माहेर, कुलदेवता आणि दवाखाना, एवढीच. "मला एकदा तुमच्या गाडीतून गुहागरला न्या," म्हटलं तर म्हणायचात, "ड्युटीवर बायको? लोक हसतील गो." सासूबाई होत्या, मग संदीपची शाळा, मग तुमचा आजार. तेव्हा कडी लागली ती एकट्या तुम्हालाच नव्हती लागली.

आता खरं सांगायचं ते.

शेवटच्या दिवशी दुपारी मी भाकऱ्या थापत होते. माझा ताप गेल्यापासून आठ दिवस कंबर धरलेली. तुम्ही विचारलंत, "झाली काय गो बेल?" म्हटलं, नाही. परत विचारलंत. चारदा विचारलंत. पाचव्यांदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आज गाडी रद्द झाली. गप बसा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती महिन्यांनी नीट पाहिलंत. म्हणालात, "मग पॅसेंजरांना सांगितलंस काय? म्हातारी माणसं असतात त्यात."

मी तव्यावरची भाकरी उलटली. तुम्ही तो पुढे ठेवलेला पाय मागे घेतलात. संध्याकाळी दिवा लावून आले तेव्हा तुम्ही तसेच बसलेले होतात, आणि नव्हतात.

कडी लावली त्याचं मला इतकं वाटत नाही. नाहीतर तुम्ही रस्त्यात गाडीखाली गेला असतात. पण ताटावर चमचा दोनदा वाजवायला काय लागत होतं मला? तीन वर्षं मनातल्या मनात तरी गाडी निघाली असती. गुहागरच्या वाटेवरच्या भातगावच्या पुलावरून गेला असतात. ते मला सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा खुर्ची रिकामी.

आता दार उघडंच असतं. तरी मी कोपऱ्यावरून घाईनं परत येते. आत कुणीतरी खोळंबलंय असं वाटतं. वर्ष झालं, सवय जात नाही. म्हणून कडी राहू दे म्हटलं असेन का? कडी गेली तर घरी परतायला कारण उरणार नाही, असं काहीतरी.

आज संध्याकाळी मीच ती काढली. अर्धी संदीपनं सैल केलेली होती, सुरीच्या टोकानं निघाली. दाराला दोन भोकं राहिलीत.

उद्या सकाळच्या गुहागर गाडीनं मी जाणार आहे. ड्रायव्हरच्या मागची सीट धरीन. कुणाला हसायचं तर हसू दे. पॅसेंजर चढतील, कंडक्टर दोनदा दोरी ओढेल, आणि मी तुम्हाला मोठ्यानं सांगेन, तुमच्याशी आता खोटं बोलणार नाही: झाली हो बेल. काढा गाडी.

तुम्ही जिला नुसतं "अगो" म्हणायचात, ती तुमची
सुमन