तांबडीसाठी घोडा पाहताना

आये, तांबडीला घोडा दाखवायचं ठरलं आहे आणि मला भीती वाटते. इथे हे कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला लिहिते आहे. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणेल, मग राहू दे. आणि राहू दिलं तर तांबडी आपल्याकडे राहत नाही, हीच तर सगळी अडचण आहे. तू गेलीस तेव्हा आपल्या गोठ्यात घोड्याचा वासही उरला नव्हता. मी पुन्हा घोडे आणीन असं तुला स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल. पण आणले. कासू गावातल्या शेतात आता दोन तट्टं आहेत, त्यांच्यावर मी गावातल्या आणि पेणच्या पोरांना बसायला शिकवते, आणि तिसरी ही तांबडी. ती रेसची आहे, थरोब्रेड, बापजाद्यांच्या कागदांसकट. पुण्याकडच्या एका तबेल्यात तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली, पळणं संपलं, तेव्हा त्यांनी ती जवळजवळ अशीच देऊन टाकली. पाय चालण्यापुरता बरा झाला, पण पाठीवर माणूस घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. वय कोवळं, अंग नाजूक, कातडी अशी की माशी बसली तरी थरथरते. म्हणजे ऐन तारुण्यात पेन्शनीत निघालेली बाई, आणि खाणं मात्र पाटलिणीचं.

नवरा धाटावला कंपनीत शिफ्ट करतो. माणूस वाईट नाही, पण बसून खाणारं जनावर त्याच्या डोळ्यांत खुपतं. त्यात रामवाडीचा एक वरातवाला तिला मागतो आहे. डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांच्या धुरात, त्या दुखऱ्या पायावर नाचवायला. एकदा जेवताना नवरा म्हणाला, "हे बघ, एकतर तिला देऊन टाक, नायतर तिच्याकडून शिंगरू घे. शिंगरू झालं तर ती तिचं कमावते, मंग मी काय बोलनार नाय." त्याच्या परीने तो सूट देत होता. मी मान हलवली आणि बिरड्याची वाटी पुढे सरकवली. तांबडीला वाचवायचं तर तिला गाभण करायचं, इतकं सरळ आहे ते. पण गाभण घोडी म्हटली की मला आपली पांढरी दिसते.

पांढरी होती तोवर तू तिला कधी घोडी म्हणाली नाहीस, म्हणायचीस आपली पांढरी. बाबा गेले, तू टांगा विकलास आणि घोडी ठेवलीस, तेव्हा भावकीतल्या कुणालाच ते रुचलं नव्हतं. तू काष्टा कसून, लगाम धरून वरातीच्या पुढे चालायचीस आणि वर नवरदेव भेदरून बसलेला असायचा. एका लग्नात मुलाचा मामा तुला म्हणाला होता, "बायमानसानं घोडी धरायची?" तू चालता चालताच म्हणालीस, "मंग तुमी धरा मामा, नवऱ्याला मी खांद्यावर घेते." बँडवाल्यांनी वाजवणं सोडून हसून घेतलं. घरी आल्यावर मात्र तू पाय धरून बसायचीस. मी भिजवलेले वाल सोलत असायचे, तूही ओंजळभर पुढ्यात ओढून घ्यायचीस आणि घोड्यांबद्दल बोलायचीस. घोडा चांगला का वाईट ते त्याच्याकडे बघून कळत नाही, त्याची पोरं बघावी, हे तुझं ठरलेलं वाक्य. उंची मोजायला तू हनुवटी वापरायचीस. घोड्याच्या खांद्याला खेटून उभी राहायचीस, पाठीचा उंचवटा हनुवटीला लागला तर ठीक, म्हणायचीस.

मग त्या वर्षी पेणजवळ एका शेठने बंगला बांधला आणि तिथे रेसमधून निवृत्त झालेला घोडा आणून बांधला. काळाभोर, आणि उंच तरी किती. तू त्याच्याजवळ उभी राहिलीस आणि त्याचा खांदा तुझ्या डोक्यावरच्या पदराच्याही वर गेला. शेठचा घोडा सांभाळणारा मोतद्दार तुझ्या ओळखीचा होता, तो म्हणाला, घेऊन या घोडी, शेठ काही मागत नाहीत. परतीच्या वाटेवर तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की दुखत होता. "आपल्या पांढरीच्या पोटी असा घोडा येल गो," म्हणालीस, "पेनात कोनाच्या दारात नसंल." तुला इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढचं तुला सांगायला नको, पण ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळ आहे. पांढरी वालाच्या भुशावर आडवी पडली आहे. तू घरातलं प्रत्येक कुलूप उघडलं आहेस, पेटीचं, कपाटाचं, तांदळाच्या कोठीचं. दावणीच्या गाठी सोडल्या आहेत आणि स्वतःचा अंबाडाही सोडला आहेस, कारण अडलेल्या बाळंतिणीच्या घरात काही बांधलेलं राहू द्यायचं नसतं. शेजारचे चौघे धावत आले आहेत. सगळे भातशेतीवाले, जन्मभर गाई-म्हशी सोडवलेले. शिंगराचे दोन पाय बाहेर दिसतात. ते त्या पायांना दोरी बांधतात आणि गाईचं वासरू ओढावं तसं पाय रोवून ओढतात. "जोर लावा रं, येतंय," कुणीतरी म्हणतो. ते येत नाही. पांढरी एकदा मान वर करून तुझ्याकडे बघते. नंतर ती बघत नाही.

तू रडली नाहीस. ओसरीवर मोकळ्या केसांनी बसलीस आणि म्हणालीस, "म्या हाव केली. लहान घोडीला उंट लावला." पुढे हेच वाक्य तू किती वेळा बोललीस. गोठा रिकामा ठेवलास. मला स्थळं यायला लागली तेव्हा नागोठण्याचा एक मुलगा सगळ्यांना पसंत होता, नोकरी होती, रूप होतं, पण चांगलाच उंच. तू पोहे पुढे केलेस, गोड बोललीस आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवलास. मावशीने कारण विचारलं तर म्हणालीस, "पोर माजी लहान चनीची हाय." मावशी हसून हसून लोळली. मी लाजेने आत पळाले, पण मला कळलं होतं. आज माझा नवरा माझ्याएवढाच आहे, चपला घातल्या तर मीच बोटभर वर, आणि तो तसा का हे आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. माझ्या बाळंतपणात तू दवाखान्याच्या दारात उभी होतीस, नर्स बस म्हणाली तरी बसली नाहीस. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला आता आरशात दिसतं.

तर घोडे पाहायला सुरुवात केली. नवरा चिडवायचा, "पोरीला स्थळं बघायला चाललीस काय गो?" चिडवण्यात तथ्य होतं. गाईला गाभण राहायची सुई देता येते, या रेसच्या जातीत ती चालत नाही. घोडी टेम्पोत घालून घोड्याच्या दारी न्यावी लागते, आणि तिथेही आधी दुसराच एक साधा घोडा तिच्यापुढे आणतात, ती तयार आहे की लाथ मारते ते पाहायला. लाथ खायची त्याने आणि मिरवायचं दुसऱ्याने. तू असतीस तर म्हणाली असतीस, आपल्यातही असे मध्यस्थ असतातच की. पुण्याकडच्या नामांकित घोड्यांची चौकशी मी एकदा फोनवर केली आणि समोरच्याने फी सांगितल्यावर मीच राँग नंबर म्हणून फोन ठेवला. आपल्या आवाक्यातले दोनच उरले, दोन्ही रोह्याच्या बाजूला, नदीकाठच्या एकाच फार्मवर.

जनावरांची डॉक्टर माझ्याबरोबर आली. पेणची आहे, वयाने माझ्या मुलीएवढी, पण जनावराच्या अंगावरून हात फिरवते तेव्हा जनावर डोळे मिटतं. पहिला घोडा कुमैत, काळसर तांबड्या रंगाचा, उंच, हाडापेराने मजबूत. स्वतः कधी फारसं जिंकला नाही म्हणून स्वस्त. मी तुझी शिकवण धरून त्याची पोरं दाखवा म्हटलं. दोन शिंगरं कुंपणापलीकडे होती, पाय सरळ, नजर शांत. दुसरा घोडा बुटका, उतार वयाचा, छान तुकतुकीत. त्याच्या पोरांचे गुडघे जरा आत वळलेले होते आणि ती पळायलाही मंद, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. डॉक्टर म्हणाली, "ताई, यात विचार काय करायचा? तांबडीचं हाड बारीक हाय. शिंगरू मजबूत व्हायचं तर उंच घोडा घ्या." मी त्या उंच घोड्याजवळ गेले. त्याने माझ्या डोक्यावरून नाक पुढे काढून माझ्या खांद्यावर उसासा टाकला आणि मी दोन पावलं मागे सरले.

मग मी डॉक्टरला सगळं सांगून टाकलं. तिथेच, पाण्याच्या टाकीला टेकून. काळा घोडा, पांढरी, दोरी. ती ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, "पाय बाहेर होते तेव्हा नाक दिसत होतं का?" मी डोळे मिटले. दोन खूर दिसले, त्यांच्यावर ओलं आवरण दिसलं. नाक नव्हतं. नाय, म्हटलं. "मग मान मागं वळलेली होती," ती म्हणाली. "घोडा मोठा म्हणून नाय अडलं ते. पोटातल्या शिंगराचं माप घोडी ठरवते, तिच्या पोटात जेवढी जागा तेवढंच ते वाढतं. मोठ्या बापाचं मोठेपण बाहेर आल्यावर दिसतं. मान वळलेली असली की आधी आत ढकलून सरळ करायची असते. ओढलं की अजून अडकतं. गाईत तरी वेळ मिळतो, घोडीत तोही नाय." मी विचारलं, कुणाचं चुकलं मग? ती म्हणाली, "कुनाचंच नाय ताई. बारीक घोडा लावला असता तरी मान वळली असती तर हेच झालं असतं."

आये, तू ऐकायला हवं होतंस. मला आधी इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून रडले. तू हाव केली नव्हतीस. तू पांढरीला मारलं नाहीस. इतकी वर्षं तू ते उरावर घेऊन बसलीस, एक रिकामा गोठा सांभाळलास, एक चांगला जावई घालवलास आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं. असं वाटलं की धावत जावं आणि तुला सांगावं. पण रोह्याहून परत येताना, नागोठणं मागे पडल्यावर, आनंद ओसरला आणि दुसरंच काही समोर उभं राहिलं. तुझी चूक होती तोवर मला धरायला काहीतरी होतं. लहान घोडा घ्यायचा, मग काही होणार नाही. आता तसं काही उरलं नाही. कितीही पारखून घोडा घेतला तरी अकराव्या महिन्यात आतलं शिंगरू मान कुठे वळवेल ते कुणाच्या हातात नाही. डॉक्टरला यायला उशीर झाला तर? ती दुसऱ्या कुठल्या गोठ्यात असली तर? रस्त्यात टँकर आडवा झाला तर? तुझ्यावरचा आळ गेला आणि माझी भीती दुप्पट झाली, असं झालं आहे बघ.

घरी आले तर तांबडी फाटकाशी उभी होती. तिला काही ठाऊक नाही. ती माझ्या पदरात गूळ शोधते, मिळाला नाही की दंडाला ढुशी देते. मी तिच्या पोटाला कान लावला. अजून आत काहीच नाही, नुसतं गवत पचल्याची गुरगुर. तरी ऐकत राहिले. तिला वरातवाल्याला देऊन टाकावं, म्हणजे निदान माझ्या डोळ्यांदेखत काही होणार नाही, असंही एकदा मनात आलं. तो विचार लगेच गेला, पण आला होता.

परवा मी फार्मवर फोन करून घोडा ठरवला. पुढच्या माजाला टेम्पो येईल. डॉक्टरला कळवलं तेव्हा ती म्हणाली, ठीक आहे ताई, घोडी तुमची. नवऱ्याने विचारलं, तो उंच का नाय घेतला, त्याची पोरं चांगली व्हती म्हनालीस ना. मी दोघांनाही एकच सांगितलं, की मला या दुसऱ्याचा स्वभाव आवडला. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून तुला खरं सांगते. स्वभाव त्या उंच घोड्याचाच जास्त चांगला होता. डॉक्टर बोलली ते सगळं मला पटलं आहे, आये, अगदी मनापासून पटलं आहे. आणि तरी मी बुटकाच घेतला.