टाकीवरची पट्टी

४ फेब्रुवारी

नवऱ्याला म्हातारचळ लागलाय. सुट्टीचा दिवस, आणि सकाळपासून मोटारसायकल दारात आणि हा तिच्यापुढे फतकल मारून. टाकीच्या दोन्ही बाजूंच्या चकचकीत पट्ट्या काढायच्या, कंपनीचं नाव काढायचं, गुडघे टेकतात ती रबरंसुद्धा काढायची. का? तर "साफ दिसते." मग इतकी वर्षं काय घाण दिसत होती?

शेवटी मलाच जुंपलं. मी केस वाळवायचं मशीन धरायचं, गोंद तापला की हा पट्टीमागे दोरा घालून करवतीसारखा ओढणार. डावी पट्टी काही केल्या हलेना. माझी बोटं भाजली. उजवी मात्र हात लावला तशी हातात आली — वाकडी झालेली, आणि मागे बारीक खडी अडकलेली. ही कुठून आली, विचारलं. म्हणे, "वाऱ्यानं." वारा खडी कोंबतो होय पट्टीत?

५ फेब्रुवारी

रॉकेल लावून चोळ चोळ चोळलं. गोंद गेला. पण पट्टीखालचा रंग ताजा, बाकीचा विटलेला. पट्ट्या काढल्या तरी पट्ट्या होत्या ते दिसतंच.

९ फेब्रुवारी

रंग मारून आणली. काळी कुळकुळीत, ना नाव ना गाव. मुंडण केलेल्या माणसासारखी दिसते. धाकटी बहीण आली होती, म्हणाली, "भावजी, दुसरं लग्न ठरलं का काय?" एरवी हा तिला सोडत नाही, चार टोमणे परत मारतो. आज नुसता टाकी पुसत बसला.

१२ फेब्रुवारी

ओरखडा! रंग नीट वाळला नाही तोवर. परत उजवीकडेच. आणि आता झाकायला पट्टीही नाही. म्हणे, "उभ्या गाडीला कोणीतरी घासून गेलं." उभ्या गाडीला घासलं, तर याच्या विजारीचा गुडघा कसा फाटला? झोपल्यावर तोंडाचा वास घेतला. दारू नाही. दारू असती तर बरं झालं असतं. निदान भांडायला काहीतरी मिळालं असतं.

१५ फेब्रुवारी

आज कहर केला. लांब सीट काढून एकट्यापुरती बसवून आणली. मागची पायटेकणीही काढली.

"मी बसू कुठे?"

"साफ दिसते."

"मी विचारते काय, तुम्ही सांगता काय!"

"पाय आहेत ना तुला? चालत जा."

लग्न झाल्यापासून हा मला धुलाईच्या कामावर सोडतो आणि पुढे कारखान्यात जातो. पावसात, तापात, भांडण झालं असलं तरी. आमटीचा डाव घेतला आणि भिरकावला. भिंतीला लागला.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं ताई, सवत आणायची असती तर सीट ठेवली नसती का?" हसली. मी म्हटलं, मग एकटाच निघालाय कुठेतरी. मला टाकून.

बोलले खरी. रात्री दोनदा उठून बघितलं, अंथरुणात आहे ना.

१६ फेब्रुवारी

चालत गेले. तो शेजारून गेला, थांबला नाही. पण हळू चालवत होता. बैलगाडी बरी.

१८ फेब्रुवारी

बोलणं बंद.

२१ फेब्रुवारी

आज त्यानेच हाक मारली. स्टुलावर चढवलं आणि फ्यूज कसा बसवायचा ते दाखवलं. मग पाण्याची मोटर. मग सिलिंडर लावायला लावला, दोनदा. चुकले तरी ओरडला नाही. हा माणूस ओरडला नाही, तेव्हाच कळलं, हे काही खरं नाही.

"मला कशाला शिकवताय? तुम्ही आहात ना करायला?"

"यायला हवं तुला."

"कुठे चाललात?"

"कुठे नाही."

गेलात तर परत दारात पाय ठेवू नका, असं म्हणणार होते. त्याऐवजी सिलिंडर तिसऱ्यांदा लावून दाखवला.

२२ फेब्रुवारी

दुपारी त्याचा कारखान्यातला जोडीदार आला, सगळे मिश्या म्हणतात तो. उंबऱ्यातूनच विचारलं, "वहिनी, परत पडला का?"

परत म्हणजे?

मग सगळं ओकला. मध्येच याच्या डोळ्यांपुढे अंधार येतो. शुद्धच जाते. मशीनपाशी पडला, मग दोनदा गाडीवरून. साहेबाला कळलं तर घरी बसवतील, म्हणून कोणाला सांगू दिलं नाही. "मी म्हटलं गाडी सोड. तर म्हणाला, गाडी सोडली तर ही विचारेल का सोडली. त्यापेक्षा तिची जागाच काढतो. मी पडलो तर एकटा पडेन."

मी म्हटलं, येऊ दे संध्याकाळी घरी, किल्ली विहिरीत टाकते.

मिश्या म्हणाला, "म्हणजे घरी नाहीये? आज कामावर आलाच नाही, वहिनी. म्हणून तर बघायला आलो."

सकाळी माझ्यासमोर गाडीवरून निघाला तो.