थोरली पास झाली

प्रिय दादा,

थोरली पास झाली. हे आधी लिहिते, कारण बाबांनी बजावलंय, पहिल्या ओळीत तेच लिही. ब्रेक, दिवे, धूर, चाकं, सगळं ठीक. एवढी जुनी मोटारसायकल एकाही शेऱ्याशिवाय सुटलेली आमच्या तपासणी केंद्रात कुणी पाहिली नव्हती. बाबांचा चेहरा तर पोरगी वर्गात पहिली आल्यासारखा झाला होता. आणि मी, त्यांची खरी पोरगी, भिंतीला टेकून मनातल्या मनात हात जोडत होते, की देवा, हिला नापास कर. का ते सांगते. जरा मागे जावं लागेल, पण शेवटपर्यंत वाच.

घरच्या माणसाची गाडी आपण तपासायची नाही, असा आमचा नियम. म्हणून थोरलीला भिंगाने तपासलं. भिंग म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस, नव्याकोऱ्या गाडीतही खोट काढतो म्हणून हे नाव पडलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टाकीत चेहरा दिसेल अशी ती पुसलेली. सगळं मनासारखं चाललं होतं. मग भिंग मागून म्हणाला, "काका, हॉर्न वाजवा." बाबा समोर बघत बसून राहिले. तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा मीच पुढे झाले आणि बाबांच्या कोपराला हात लावला. ते दचकले आणि त्यांनी असा काही हॉर्न दाबून धरला, की रांगेतल्या लोकांनी कानात बोटं घातली. "काका, पुरे! आगीचा बंब नाही हा!" भिंग ओरडला. सगळे हसले. बाबाही हसले, पण सगळ्यांचं हसून होत आलं तेव्हा. आमच्या कागदावर हॉर्न वाजतो का, याचा रकाना आहे. चालवणाऱ्याला तो ऐकू येतो का, याचा नाही.

खरं तर मला सकाळीच कळलं होतं. तुला आठवतं ना, आजारपणामुळे मला शाळेत उशिरा घातलं, तोवर आईने अक्षरं शिकवली आणि नवाचा पाढा मी थोरलीच्या चाकावर शिकले? छत्तीस स्पोक, नऊ-नऊचे चार भाग. मी पाठ करून उभी राहायचे आणि बाबा पान्ह्याने एकेक स्पोक वाजवत जायचे. टिंग, टिंग, टिंग, आणि मध्येच एखादा ठप्प. तो कितवा, ते मी सांगायचं. चुकले तर तू पायरीवरून ओरडायचास, "बहिरी कुठली!" सैल स्पोक माझ्या कानातून कधी सुटत नाही, म्हणून तर तू मला पक्कड म्हणायला लागलास.

आज तपासणीला निघण्याआधी बाबांनी तसेच स्पोक वाजवले. मागच्या चाकात एक ठप्प वाजला. मी स्वयंपाकघरातून ऐकला. मला वाटलं, आता थांबतील. थांबले नाहीत. पुढचे सगळे वाजवून उठले, हात पुसले, आणि म्हणाले, "सुरात आहे पोरगी." मग ते चहा प्यायला आत आले, तेव्हा मी बाहेर जाऊन तो स्पोक आवळला. तसाच ठेवला असता तर भिंगाच्या हाताला लागला असता आणि गाडी परत पाठवली असती. पण सैल चाकाची गाडी मी रस्त्यावर कशी जाऊ देणार? माझ्याच्याने होत नाही ते, तुला माहीत आहे. गाडी मीच नीट केली, दादा, आणि आता मलाच झोप लागत नाही.

तपासणीनंतर मी त्यांच्या मागे बसून घरी आले. मोठ्या पुलावर मागून टँकर हॉर्न देत येत होता. बाबा रस्त्याच्या मधोमध. मी ओरडले, ते वाऱ्यात उडून गेलं. शेवटी घाबरून त्यांचा उजवा खांदा घट्ट धरला, तर त्यांनी वळूनही न बघता शांतपणे गाडी डावीकडे घेतली. टँकर कोपराला वारा लावून गेला. ओळखीची खूण मिळाल्यासारखं केलं त्यांनी.

आईची आपण किती टिंगल करायचो! किल्ली फिरवायच्या आत हिला मागे डुलकी लागते म्हणून. आता ती मागे ताठ बसते, मान वळवून वळवून बघते, मला वाटायचं वयानं झोप कमी झाली असेल. घरी आल्यावर मी तिच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिले. ती पीठ मळत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "उजवा दाबला की उजवीकडून गाडी, डावा दाबला की डावीकडून. वर्ष झालं. आम्ही दोघं मिळून नीट चालवतो." मी म्हटलं, आई, एखाद्या दिवशी तुला डुलकी लागली तर? ती म्हणाली, "त्यांना काही बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस. गाडी काढून घेतलीस तर उद्या सकाळी उठून ते करतील काय?"

आणि आता मुद्द्याचं. थोरली पास झाली तर रविवारी तिच्यावरूनच तुझ्याकडे यायचं, असं बाबांनी ठरवलंय. आई मागे. दिवसभराचा हायवे, सगळा टँकर-ट्रकचा. मी थांबवलं तर ते कारण विचारतील, आणि ते कारण माझ्या तोंडून ऐकून ते पुन्हा मान वर करून चालणार नाहीत. तू थांबवू शकतोस. नोकरी लागली तेव्हा त्यांनी थोरली तुला देऊ केली आणि तू म्हणालास, "तुमचं भंगार तुमच्याकडेच ठेवा. या घरात थोरला मी की ती?" हल्ली तू फोन केलास की ते आईच्या हातात देतात, आणि तू म्हणतोस, म्हाताऱ्याने अजून राग धरलाय. राग नाही रे. त्यांना फोनवर तुझा आवाज ऐकू येत नाही. फोन ठेवल्यावर आईला विचारतात, "काय म्हणाला?" आणि ती सांगते ते दोनदा सांगायला लावतात. म्हणून हे पत्र भिंगाच्या हाती पाठवतेय, तो उद्या तुझ्या गावी येतोय. तू शनिवारीच ये. कानाबद्दल चकार शब्द काढू नकोस. डॉक्टरकडे न्यायचं मी बघते, पक्कड आहे मी. तू फक्त त्यांच्या समोर उभा राहा, तुझे ओठ दिसतील असा, आणि म्हण, "बाबा, थोरली मला हवी आहे." मागितलीस तर ते नाही म्हणणार नाहीत. मग रविवारी तू चालव, त्यांना मागे बसव. आई आणि मी बसने येऊ. वर्षभराने तिला प्रवासात झोप लागू दे.

शनिवारी दारात उभी असेन.

तुझीच,
पक्कड